सुईत काय आहे, सर?

टिटवाळा म्हटले की लोकांना महागणपतीचे मंदिर आठवते. अंगारकीच्या दिवशी स्टेशनपासून मंदिरापर्यंत माणसांची आणि रिक्षांची रांग लागते. आमची उर्दू शाळा त्या वाटेवर नाही. ती चाळींच्या दाटीत आहे. कुर्ला, गोवंडी, मुंब्रा इथली भाडी परवडेनाशी झाली, तशी माणसे कल्याणच्याही पुढे सरकत कसारा लाइनवर आली आणि इथे दहा बाय बाराच्या खोल्यांत स्थिरावली. कुणाचे वडील भिवंडीच्या गोदामात हमाली करतात, कुणाचे टेम्पो चालवतात, कुणाची अम्मी घरी बसून मणी ओवते. या घरांत शिकलेला माणूस म्हणजे मुलांचे सर आणि टीचर. पत्र वाचायचे असो, फॉर्म भरायचा असो, दवाखान्याची चिठ्ठी समजून घ्यायची असो, माणसे आमच्याकडे येतात. हा मान मोठा आहे. तो आम्ही एकदा कसा घालवला, ते सांगायचे आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला एक इंजेक्शन द्यायचे होते आणि त्याची सुरुवात शाळांपासून होती. आमच्या शाळेत लसीचा निळा डबा घेऊन नर्सताई आल्या त्या दिवशी शेहेचाळीस मुलांच्या वर्गात सतराच मुले हजर होती. बाकीच्यांच्या घरी मोबाइलवरचे संदेश आमच्या आधी पोचले होते. लस टोचली की मुलगी पुढे आई होणार नाही, असे कुणी म्हणत होते. ही लस फक्त आपल्याच शाळांत देतात, असेही काही जण सांगत होते. वास्तविक त्या दिवसांत मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळ्याच माध्यमांच्या शाळांत तीच लस, तेवढ्याच मात्रेत दिली जात होती.

आई न होण्याची अफवा कुठून आली असेल, याचा विचार आम्ही पुढे केला. रुबेला हा मुलांना होणारा किरकोळ ताप आणि पुरळ. पण गरोदर बाईला पहिल्या महिन्यांत तो झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला पडतो. म्हणून मुलींना ही लस महत्त्वाची. आम्ही पालकांना घाईघाईत काय सांगितले? "ये लड़कियों के लिए है, आगे बच्चा होने के टाइम काम आएगा." अर्धे वाक्य आमचे होते, उरलेले अर्धे भीतीने पूर्ण केले.

त्या दिवशी फाटकाशी एक टेम्पोवाले गृहस्थ मुलाचा हात धरून उभे होते. मुलगा तिसरीत होता. माणूस सरळ, कमी बोलणारा. त्यांनी नसबंदीचे काहीच विचारले नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता, "सुई में क्या है, सर? इसमें सूअर का कुछ है क्या?"

आम्ही म्हणालो, "कुछ नहीं है. बिल्कुल नहीं. हमारी ज़बान है."

त्यांनी मुलाला आत सोडले. लस झाली, डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण झाली. आम्हाला आनंद झाला. संध्याकाळपर्यंत आम्ही हीच ज़बान आणखी दहा-बारा जणांना दिली. खरे सांगायचे तर सुईत काय आहे हे आमच्यातल्या कुणीही वाचले नव्हते. नर्सताईंनाही ठाऊक नव्हते. आमच्यापुढे एक चांगले काम होते, ते पार पडावे एवढेच डोक्यात होते. चांगल्या कामासाठी बोललेले खोटे खोटे नसते, असा काहीसा समज असणार.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ परत आले. हातात मोबाइल, त्यावर उर्दू बातमी. बातमी खरी होती. ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या मजलिस उलेमाने याच लसीवर फतवा दिला होता. ही लस कुठली? आपल्या पुण्याची, सीरम इन्स्टिट्यूटची. लस टिकून राहावी म्हणून तिच्यात जिलेटिन असते, आणि लस बनविण्याच्या प्रक्रियेत डुकरापासून मिळालेला घटक वापरला जातो, असे त्या उलेमांनी नमूद केले होते. म्हणून ही लस मूळात हराम. मात्र आज दुसरी हलाल लस उपलब्ध नाही आणि रोगाचा धोका मोठा आहे, त्यामुळे ज़रूरतीच्या नियमाने ती घेण्यास परवानगी आहे, असा तो पूर्ण निर्णय होता. मोबाइलवरच्या बातमीत पहिला भाग होता, दुसरा नव्हता. इंडोनेशियातही लोकांनी पहिलाच भाग ऐकला आणि जावाबाहेरच्या बेटांवर ती मोहीम अडखळली.

हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या दिवशी आम्ही गप्प उभे होतो. ते एवढेच म्हणाले, "सर, आप लोग पढ़े-लिखे हो. मालूम नहीं था तो मालूम नहीं बोलते."

ओरडले असते तर बरे वाटले असते. सलाम करून ते निघून गेले.

आम्ही मग वाचायला बसलो, म्हणजे ज्या दिवशी वाचायला हवे होते त्यानंतर पंधरा दिवसांनी. १९९५ साली कुवेतमध्ये उलेमा आणि वैद्यकतज्ज्ञ एकत्र बसले होते. जनावराच्या हाडा-कातड्यापासून जिलेटिन बनते तेव्हा मूळ पदार्थ पूर्ण बदलून जातो. अशा बदलाला शरियतीत इस्तिहाला म्हणतात आणि बदललेला पदार्थ पाक धरता येतो, असे मत तिथे मांडले गेले. सगळे उलेमा याच्याशी सहमत आहेत असे नाही. पण यात लपवण्यासारखे काय होते? आम्ही त्या बापाला सांगू शकलो असतो की, भाई, यात जिलेटिन असते. काही उलेमा त्याला पाक म्हणतात, काही ज़रूरत म्हणून जायज़ म्हणतात. गोवर हा आजार असा आहे की एका रोग्यापासून, ज्यांना संरक्षण नाही अशा बारा ते अठरा जणांना होऊ शकतो. आता तुम्ही आपल्या मौलानांना विचारा आणि ठरवा. तो माणूस विचार करू शकला असता. त्याचा तो हक्क आम्ही काढून घेतला.

त्याच हिवाळ्यात असाच प्रश्न दिल्लीत कोर्टापुढे होता. शाळांतून ही लस पालकांच्या संमतीशिवाय देता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. दुष्परिणाम जाहिरातीत छापले तर पालक बिचकतील, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. जाहिरात द्यायची ती पालकांना माहिती मिळावी म्हणूनच, असे त्याचे म्हणणे होते. हे वाचताना आम्हाला आमचे फाटक दिसत होते.

आपल्या समाजावर एक आरोप नेहमी होतो की मुसलमान लसीला घाबरतात कारण ते अडाणी आहेत. पोलिओच्या थेंबांच्या वेळी हेच ऐकले, गोवरच्या वेळी हेच. स्टाफरूममध्ये आम्हीही हे वाक्य बोललेलो आहोत. पण भीतीलाही इतिहास असतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. हरियाणातल्या उटावड या मेवाती मुसलमानांच्या गावाला नोव्हेंबर १९७६ मध्ये पोलिसांनी वेढा घातला होता. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. ज्या आजीने ते दिवस पाहिले, ती सरकारी सुई पाहून नातीला पदराआड घेते. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. पुढे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने पाकिस्तानात अबोटाबादला हेपॅटायटिस लसीकरणाचे सोंग केले. लसीचे काम हेरगिरीसाठी वापरणार नाही, हे वचन द्यायला अमेरिकेला २०१४ उजाडले. तोवर पाकिस्तानात पोलिओच्या थेंबांसाठी दारोदार फिरणाऱ्या कित्येक बायका-पुरुषांचे खून पडले होते.

जवळचेही एक उदाहरण आहे. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा इथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस प्रयोग म्हणून देण्यात आली. त्यातील काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण संसदीय समितीने २०१३ मध्ये संमतिपत्रांचा हिशेब मांडला, तो आम्हा शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर आईबापांची सही नव्हती, वसतिगृहाच्या अधीक्षकांची होती. त्यांनाही चांगलेच काम करायचे असेल. आम्हालाही करायचे होते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच मुंबईत आहे. १८९७ च्या प्लेगात वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगची लस तयार केली आणि जानेवारीत पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. लोक लसीला घाबरत होते. तेव्हा विशीतल्या आगा खान तिसरे यांनी लोकांसमोर बाही वर करून लस घेतली, एकदा नव्हे, अनेकदा, आणि खोजा जमातीतल्या हजारोंनी ती घेतली. त्याच काळात घरात शिरून रोगी ओढून नेणारी सरकारी पथकेही फिरत होती, आणि ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात मोमीन विणकरांच्या वस्तीत त्यावरून दंगल उसळली. शहर एक, रोग एक. एका ठिकाणी माणसाने आपला दंड पुढे केला, दुसऱ्या ठिकाणी हुकूम पुढे आला. हाफकिन यांचे नाव पुढे परळच्या संस्थेला मिळाले आणि त्याच परळमध्ये पोलिओचे थेंब बाटल्यांत भरले जाऊ लागले. ज्या थेंबांना आपण परदेशी कारस्थान म्हणत होतो, ते लोकलच्या अंतरावर तयार होत होते.

दुसरी परीक्षा २०२० मध्ये आली.

त्या वर्षाच्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या कायद्यावरून सगळा मोहल्ला धास्तावलेला होता. एप्रिलपासून लोकसंख्या नोंदवहीचे काम सुरू होणार होते आणि ते शिक्षकांच्याच गळ्यात पडणार, हे सर्वांना ठाऊक होते. कागद-पेन घेऊन कुणी दारात आले, मग ती पोलिओच्या थेंबांची यादी करणारी आशाताई का असेना, दार लागायचे. मार्चमध्ये टाळेबंदी आली, नोंदवहीचे काम लांबणीवर पडले, आणि पाठोपाठ निज़ामुद्दीनच्या मरकज़ची बातमी आली. मग रोज संध्याकाळी आकडे येऊ लागले. १८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने सांगितले की देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१, म्हणजे २९.८ टक्के, तबलीगच्या मेळाव्याशी संबंधित आहेत.

शाळा बंद होती. फोनवर एका मुलीने विचारले, "सर, कोरोना हम लोग लाए?" दहा वर्षांची मुलगी. भाजीवाल्याने तिच्या अब्बांना दुकानासमोरून हाकलले होते.

आम्हाला राग आला होता. सगळे खोटे आहे, असे सांगून टाकावे, असे वाटले. स्टाफच्या ग्रुपवर तसे संदेश फिरतही होते. त्याच सुमारास त्या टेम्पोवाल्यांचा फोन आला. दीड वर्षाने. त्यांनी आकडा वाचून दाखवला आणि विचारले, "सर, ये सही है क्या?" मग जरा थांबून म्हणाले, "इस बार मालूम है, या ऐसे ही?"

आम्ही म्हणालो, "आज मालूम नहीं. कल बताते हैं."

रात्री आम्ही तिघे-चौघे फोनवर बोलत बसलो. गणित सातवीच्या मुलाला समजेल इतकेच होते. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरोनाची तपासणी सरसकट होत नव्हती; परदेशातून आलेले, रोग्यांच्या संपर्कातले, लक्षणे असलेले, अशा ठरावीक लोकांचीच होत होती. त्यात मरकज़ला गेलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना देशभर शोधून काढून तपासले गेले. जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडेल. शेकड्याचा अंश सांगितला, पण कुठल्या गटातल्या किती जणांची तपासणी केली, हा छेद सांगितला नाही, तर तो आकडा खरा असूनही चुकीचे शिकवतो. वर्गात मुलाने नुसता अंश लिहिला तर आपण गुण देत नाही. दिवसाच्या सरकारी निवेदनात रोग्यांची धर्माशी जोडलेली अशी वेगळी ओळ कशासाठी हवी होती? जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात बजावले की रोग्यांची विभागणी धर्म-वंशावरून करू नये. उपलब्ध माहितीवरून साथीचा मुख्य दोष तबलीगवर टाकता येत नाही, असे देशातील शास्त्रज्ञांच्या एका गटानेही जाहीरपणे सांगितले.

पण एवढेच सांगून थांबलो असतो तर ते पुन्हा अर्धे वाक्य झाले असते. बंद जागेत इतकी माणसे दिवसचे दिवस एकत्र राहिली, त्यातून रोग पसरला आणि माणसे मेली, हेही खरे होते. सूरे निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी द्यावी, अशी ताकीद आहे. साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथून बाहेर पडू नये, ही तर हदीसचीच शिकवण. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोवाल्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. चूक झाली, हे सांगितले. आणि एका चुकीवरून सगळ्या कौमला आरोपी करणारा आकडा कसा तयार होतो, तेही सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले. "ये ठीक है," एवढेच म्हणाले.

सगळ्यांना ते ठीक वाटले नाही. आमच्यापैकीच काहींचे म्हणणे होते की आपण पगार घेणारी माणसे, आकड्यांवर बोलायचे आपले काम नाही; उद्या कुणी तक्रार केली तर? मोहल्ल्यातल्या काहींचे म्हणणे होते की अशा वेळी आपल्या लोकांची चूक बोलून दाखवणे म्हणजे गद्दारी. दोन्हीकडून एकच सल्ला येत होता, गप्प बसा. आम्ही अगदी शूर होतो असे नाही. लेखी काही लिहिले नाही. ज्यांनी विचारले त्यांना फोनवर सांगितले.

पुढे बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोरोनाने मेलेल्या सर्वांचे दहनच करावे, असे परिपत्रक काढून त्याच दिवशी मागे घेतले होते. दफनाने रोग पसरतो याला शास्त्रीय पुरावा नाही, हे लक्षात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० रोजी दफनाचा हक्क मान्य केला. मात्र एप्रिलच्या सुरुवातीला मालाडमधील एका मुसलमान मृताला कब्रस्तानात जागा नाकारली गेली आणि त्याचे दहन करावे लागले, तेव्हा नाकारणारे आपलेच होते, हेही विसरता येत नाही. जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, इमारतींत सुमारे १६ टक्क्यांना. एका नळावर आणि एका संडासावर किती माणसे आहेत, त्यावर रोग चालला होता. २१ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निकालात म्हटले. निकालाची बातमी छोटी आली. संध्याकाळचे आकडे मोठे आले होते.

आता गोष्टीचा शेवट सांगायला हवा. त्या टेम्पोवाल्यांना २०२० मध्ये दुसरा मुलगा झाला. नवव्या महिन्याची गोवरची लस त्याला दिली गेली नाही. एक तर टाळेबंदीने सगळे विस्कळीत झाले होते, दुसरे म्हणजे त्या सुईबद्दलचा किंतु त्यांच्या मनात राहिला होता. आकड्यांवर इतके बोललो, पण त्या जुन्या सुईची गोष्ट आम्ही पुन्हा काढली नव्हती. शरम वाटत होती. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीतून गोवरची साथ पसरली, भिवंडी आणि मालेगावलाही पोचली. आमच्या चाळींतही पुरळ उठलेली मुले दिसू लागली. त्यात हा दोन वर्षांचा मुलगाही होता. गोवराच्या मागून न्यूमोनिया झाला. बारा दिवस इस्पितळात होता.

आम्ही भेटायला गेलो. पोराच्या नाकाला नळी होती. आम्ही त्याच्या बापाला म्हणालो की, त्या दिवशी आम्ही न वाचता ज़बान दिली होती, ते खोटे होते, आम्हाला माफ करा. ते म्हणाले, "सर, टालते तो हम भी गए." मग त्यांनी विचारले की, मोठ्याला पंधरा वर्षांपूर्वी आणखी काही द्यायचे राहिले आहे का, कार्ड बघाल का? मुलगा वाचला. एका कानाने त्याला जरा कमी ऐकू येते. सगळा दोष आमचा नव्हता, हे आम्हाला कळते. पण तो पुढे पहिलीत आमच्याच शाळेत आला आणि आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवतो.

तेव्हापासून शाळेच्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. पालकसभेत जो प्रश्न आम्हाला येत नाही, तो विचारणाऱ्यासमोरच त्यात लिहायचा आणि पुढच्या सभेला, जे सापडले ते, आपल्याला सोयीचे असो वा नसो, वाचून दाखवायचे. लसीने ताप येऊ शकतो, हे लिहिलेले आहे. दहा लाखांत एखाद्याला तीव्र ॲलर्जी होते म्हणून अर्धा तास थांबायचे, हे लिहिलेले आहे. २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कारखान्यातून बाद झालेल्या विषाणूची भेसळ असलेले पोलिओचे थेंब महाराष्ट्रातही आले होते, हेसुद्धा लिहिलेले आहे. आणि १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओच्या मूळ विषाणूने एकही मूल पांगळे झाले नाही, हे त्याच पानावर आहे. ही वही ठेवल्याने लस नाकारणारे संपले, असे नाही. गेल्या वर्षीही चार घरांनी नाही म्हटले. आम्ही त्यांच्या घरी पुन्हा गेलो, चहा घेतला, एक घर तयार झाले.

मागच्या सभेत एका आईने उठून विचारले की, मुलींसाठी कर्करोगाची लस म्हणतात, ती घ्यावी का, तिच्यात काय असते? खम्ममची गोष्ट आमच्या डोळ्यांपुढे आली, आणि दरवर्षी या कर्करोगाने जाणाऱ्या बायकाही. आम्ही म्हणालो, "बाजी, आज पूरा मालूम नहीं."

आणि त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतले.